फैजपूरचा शब्द आणि १९३७ चा कौल

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे प्रथम आंकडे हातीं येतात. कोणत्या पक्षास किती जागा मिळाल्या, कोण निवडून आले, कोण पडले, कोणाच्या मिरवणुका निघाल्या, हें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत छापून येतें. आणि पुढें इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या दोन-चार ओळी होतात. परंतु निकालाचा अर्थ आंकड्यांत पुरता सांपडत नाहीं. मत कोणत्या शब्दावर विसंबून दिलें गेलें, तें देण्याचा अधिकार कोणास होता आणि कोणास नव्हता, आणि विजयी झालेल्यांनीं आपला शब्द पुढें कितपत पाळला, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याहि निकालाचा इतिहास पुरा होत नाहीं. १९३६-३७ च्या हिवाळ्यांत ब्रिटिश हिंदुस्थानच्या अकरा प्रांतांत ज्या निवडणुका झाल्या, त्यांचा या दृष्टीनें विचार करावयाचा तर खानदेशाइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सांपडेल. कारण ज्या शब्दावर ती निवडणूक लढविली गेली, तो शब्द खानदेशांतल्या एका गांवीं उच्चारला गेला होता. आणि तो पाळण्याची अवघड वेळहि खानदेशांत लवकरच आली.

खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्यें काळी कसदार जमीन. १९०६ सालीं या एका विस्तीर्ण जिल्ह्याचे दोन झाले; पूर्व खानदेशाचें मुख्य ठाणें जळगांव आणि पश्चिम खानदेशाचें धुळें. कापूस हें येथलें रोकडीचें पीक. १९२९ नंतर जगभर जी मंदी पसरली तिनें कापसाचा भाव पार खालीं आणला. सारा मात्र रुपयांत ठरलेला, तो भावाबरोबर उतरला नाहीं. येथें बंगाल किंवा संयुक्त प्रांताप्रमाणें बडी जमीनदारी नव्हती. येथें रयतवारी, म्हणजे शेतकरी आणि सरकार यांच्यामध्यें सारा घेणारा तिसरा कोणी नव्हता. मध्यें उभा असे तो सावकार. साऱ्याच्या हप्त्यासाठीं कर्ज, कर्जाच्या व्याजासाठीं कापूस, आणि कापूस हातचा गेल्यावर बियाण्यासाठीं पुन्हां कर्ज, असें तें रहाटगाडगें होतें. ही रयतवारीची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील सारा पेंच तिच्यांतूनच निर्माण झाला.

राजकीय जागृतीच्या बाबतींत हा प्रदेश मागें नव्हता. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. अंमळनेरच्या शाळेंतील शिक्षकाची नोकरी सोडून १९३० च्या कायदेभंगांत उतरलेले साने गुरुजी, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने, खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, यांच्यासारख्या माणसांनीं गांवोगांव फिरून येथील जमीन नांगरून ठेवली होती. म्हणूनच काँग्रेसचें अधिवेशन यापुढें खेड्यांत भरवावें असें जेव्हां गांधीजींच्या आग्रहानें ठरलें, तेव्हां तो मान पूर्व खानदेशांतील यावल तालुक्यांतल्या फैजपूरला मिळाला.

काँग्रेसचें हें पन्नासावें अधिवेशन, आणि खेड्यांत भरलेलें पहिलें. १९३६ च्या डिसेंबरच्या २७ व २८ तारखांस पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं तें पार पडलें. अधिवेशनासाठीं वसविलेल्या नगरास टिळकांचें नांव दिलें होतें. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबू, चटया, दोर अशा खेड्यांतल्याच साहित्यानें त्यास शोभा आणली. २५ डिसेंबरला गांधीजींनीं खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन उघडलें. साने गुरुजी स्वयंसेवकांत होते. गांव झाडणें आणि मैला वाहणें हीं कामें ते स्वतः करीत. बैलगाड्यांतून आणि पायीं माणसें येत राहिलीं, आणि लहानशा त्या गांवाभोंवतीं लाखाच्या घरांत समुदाय जमला.

त्या समुदायांत एक जथा असा होता कीं, त्याच्याकडे लक्ष द्यावयास हवें. पांचशेंहून अधिक शेतकरी मनमाडहून निघून वाटेंतल्या गांवोगांवीं सभा घेत, सुमारें दोनशें मैलांची पायपीट करून फैजपूरला पोंचले. भुस्कुटे आणि बुखारी हे त्यांचे पुढारी. काँग्रेसच्या जोडीलाच तेथें प्राध्यापक रंगा यांच्या अध्यक्षतेखालीं किसान सभेचेंहि अधिवेशन भरलें होतें, आणि या पायीं आलेल्या शेतकऱ्यांच्या स्वागतास स्वतः नेहरू व शंकरराव देव गेले होते. धुळीनें भरलेल्या त्या पायांनीं जें मागितलें, त्याचेंच प्रतिबिंब अधिवेशनानें मंजूर केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमांत पडलें. खंड आणि सारा यांत भरीव सूट, ज्या जमिनींतून कुटुंबाचें पोट भरत नाहीं तिला माफी, कर्जाच्या ओझ्यांतून सुटका, वेठबिगारीस बंदी, शेतमजुरांस पोटापुरती मजुरी, शेतकऱ्यांच्या संघटनांस मान्यता. फैजपूरचा शब्द म्हणतात तो हा.

दोन महिन्यांच्या आंत मतदान झालें. पण मतदान कोणाचें? १९३५ च्या कायद्यानें मताचा अधिकार पूर्वीपेक्षां पुष्कळच वाढविला होता, हें खरें. तरी अकराहि प्रांत मिळून मतदार सुमारें तीन कोटी होते. ठराविक रकमेचा सारा किंवा कर भरणारा, ठराविक भाड्याच्या घरांत राहणारा, ठराविक शिक्षण झालेला, अशा पायऱ्या होत्या. स्त्रियांस स्वतःच्या मिळकतीवर, साक्षरतेवर, किंवा पतीच्या मिळकतीवर मत मिळे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या वर्गांपैकीं जो साक्षर असेल किंवा ज्यानें गांवकामगाराची कनिष्ठ चाकरी केली असेल, त्यास मुंबई इलाख्यांत मत देण्यांत आलें. परंतु शेतमजूर, कूळ म्हणून तुकडाभर जमीन कसणारा, सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल व पावरा, यांपैकीं बहुतेक सर्व यादीच्या बाहेर राहिले. फैजपूरच्या माळावर जे लाख लोक जमले होते त्यांतील बहुसंख्यांस मतपेटी दुरूनच पाहावी लागली. त्या निवडणुकीचें मर्म येथें आहे. शब्द दिला गेला तो सर्वांच्या समक्ष. मत घेतलें गेलें तें थोड्यांचें. सभेला उभा राहिलेला भूमिहीन मजूर आणि यादींत नांव असलेला सारेदार, हे दोघे एकाच घोषणेंत सामील होते, पण एकाच्याच हातीं कागद होता. म्हणून ज्याच्या हातीं तो होता त्याच्यावर, आणि त्याच्याकडून तो घेणाऱ्यांवर, दुहेरी जबाबदारी होती.

निकाल लागला तो सरकारी अंदाज उलथून टाकणारा होता. अकरा प्रांतांतील १५८५ जागांपैकीं सातशेंहून अधिक जागा काँग्रेसला मिळाल्या. मद्रास, बिहार, ओरिसा, मध्यप्रांत आणि संयुक्त प्रांत यांत तिचें स्पष्ट बहुमत झालें. मुंबई इलाख्याच्या असेंब्लींत जागा १७५. पैकीं काँग्रेसच्या ८६. बहुमतास दोनच जागा कमी, आणि सर्वांत मोठा पक्ष तोच. ज्यांना काल-परवांपर्यंत तुरुंगांत डांबलें होतें त्यांचींच नांवें आतां मतमोजणींत वर आलीं, हें पाहून खेड्यांतला मनुष्य हरखून गेला तर त्यांत नवल नव्हतें.

परंतु त्याच निकालाला दुसरीहि बाजू होती, आणि ती न सांगणें हा इतिहासाशीं अन्याय होईल. डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षानें मुंबई इलाख्यांत १७ उमेदवार उभे केले, आणि त्यांतील बहुतेक सर्व निवडून आले. पूर्व खानदेशांतून दौलतराव गुलाजी जाधव हे त्यांच्यापैकीं एक. पुणें कराराप्रमाणें राखीव जागा संयुक्त मतदारसंघांत होत्या. तरी एक व्यवस्था या पक्षाच्या उपयोगीं पडली. एका मतदारसंघांत जितक्या जागा तितकीं मतें प्रत्येक मतदारास असत, आणि तीं सारीं मतें एकाच उमेदवारास देण्याची मुभा मुंबई इलाख्यांत होती. थोड्या मतदारांनीं एकजूट राखली तर आपला मनुष्य निवडून आणतां येई. ती एकजूट राखली गेली. त्या साली जुलैच्या ३१ तारखेस आंबेडकर एका खटल्याच्या कामानिमित्त धुळ्यास आले, आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यांत उतरले. आजहि दरवर्षीं त्या तारखेस तेथें लोक जमतात. ज्या निकालाला इतरत्र एकाच पक्षाचा विजय म्हणून ओळखतात, त्याच निकालांत खानदेशच्या महारवाड्यानें आपला स्वतंत्र आवाज ऐकला होता. लीगनेंहि मुसलमानांच्या राखीव जागांपैकीं निम्म्याहून अधिक जिंकल्या. म्हणजे कौल एक असला तरी त्यांतील स्वर अनेक होते. आणि ज्यांनीं तो केवळ एकसुरी मानला, त्यांना पुढें दहा वर्षांत त्याची जबर किंमत मोजावी लागली.

जिंकल्यावर काय करावयाचें, हा प्रश्न फैजपूरला मुद्दाम उघडा ठेवला होता. नवी राज्यघटना दास्याची आहे, तिच्याखालीं अधिकारपदें घेऊंच नयेत, असें नेहरूंचें मत होतें. दुसऱ्या बाजूस, अधिकार हातीं आल्यावांचून शेतकऱ्याला दिलासा देतां येणार नाहीं असें म्हणणारेहि पुष्कळ होते. निकालानंतर मार्च महिन्यांत दिल्लीस ठरलें तें असें कीं, गव्हर्नर आपल्या खास अधिकारांचा वापर करणार नाहीं अशी हमी मिळाल्यासच मंत्रिमंडळें बनवावीं. १ एप्रिल १९३७ ला नवी घटना अमलांत आली, त्या दिवशीं काँग्रेसनें हरताळ पाळला. मुंबईस सर धनजीशा कूपर यांचें अल्पमतांतलें मंत्रिमंडळ तीन-साडेतीन महिने बसलें. लॉर्ड लिनलिथगो यांच्या जूनमधील निवेदनानंतर वर्ध्यास काँग्रेसच्या कार्यकारिणीनें अधिकारस्वीकाराचा निर्णय घेतला, आणि १९ जुलैला बाळासाहेब खेर मुंबईचे मुख्य प्रधान झाले. महसूल खातें मोरारजी देसाई यांच्याकडे आलें.

येथून शब्दाची परीक्षा सुरू झाली. खेर मंत्रिमंडळ निष्क्रिय होतें असें त्याचा शत्रूहि म्हणणार नाहीं. सत्याग्रहांत जप्त झालेल्या जमिनी मूळ धन्यांस परत देण्याचा कायदा १९३८ सालीं झाला. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या निवारणाचा कायदा आणि कुळांचा कायदा, हे दोन्ही १९३९ सालचे. पण कायदा पुस्तकांत येणें आणि चावडीवर पोंचणें यांत अंतर असतें. कुळांचा कायदा आधीं निवडक जिल्ह्यांपुरताच लागू झाला, आणि कर्जनिवारणाचा अंमलहि मंत्रिमंडळ गेल्यानंतर हळूहळू सुरू झाला. शिवाय तिजोरीचा प्रश्न होता. प्रांताच्या उत्पन्नाचे मोठे झरे दोन, जमीनमहसूल आणि अबकारी. दारूबंदी हा काँग्रेसचा जुना संकल्प; तो पाळावयाचा तर अबकारीचा झरा आटणार. मग जमीनमहसूलहि सोडला तर शाळा आणि दवाखाने कशावर चालवावयाचे? हा पेंच खोटा नव्हता. दिलेले दोन शब्द एकमेकांच्या आड येत होते.

अशा वेळीं निसर्गानें आपली भर घातली. १९३८ सालीं पूर्व खानदेशांत ओला दुष्काळ पडला. अतिवृष्टीनें उभीं पिकें बुडालीं. आणि साऱ्याचा हप्ता होता तसाच डोक्यावर राहिला. आतां जमीनदाराकडे बोट दाखवितां येत नव्हतें, कारण जमीनदार नव्हता. परकी सरकारकडेहि पूर्वीप्रमाणें बोट दाखवितां येत नव्हतें, कारण महसूल खातें आपल्याच माणसाच्या हातीं होतें. फैजपूरला ज्यांनीं सूट कबूल केली होती, त्यांच्याच सहीनें आतां सारा वसूल होणार होता. रयतवारीच्या मुलुखांत स्वराज्याचा पहिला अनुभव हा असा आला कीं, सरकार आपलें झालें, पण सारा मागणारेंहि तेंच झालें.

त्या क्षणीं साने गुरुजींनीं जें केलें तें या साऱ्या हकीकतींतील मोलाचें आहे. १९३८ च्या एप्रिलांत त्यांनीं अंमळनेरहून ‘काँग्रेस’ नांवाचें साप्ताहिक सुरू केलें होतें. म्हणजे पक्षाचें नांवच त्यांनीं आपल्या पत्राच्या मस्तकावर धारण केलें होतें. निवडून आलेलें सरकार त्यांच्या पक्षाचें, मंत्री त्यांच्या परिचयाचे. गप्प बसणें सोपें होतें. आणि आपल्या सरकारला अडचणींत आणूं नये, शत्रूच्या हातीं कोलीत देऊं नये, असें सांगणारेहि अशा वेळीं कमी नसतात. त्यांनीं गांवोगांवीं सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या, आणि सारामाफीची मागणी घेऊन शेतकऱ्यांचे मोर्चे कलेक्टरच्या कचेरीवर नेले. तीच निष्ठा त्यांनीं धुळें व अंमळनेर येथील गिरणी कामगारांच्या संघटनेंत दाखविली. त्याच वर्षीं मंत्रिमंडळानें औद्योगिक तंट्यांचें बिल आणलें. त्यानें संपावर बंधनें येतात म्हणून ७ नोव्हेंबरला मुंबईत मोठा संप झाला, आणि त्यांत आंबेडकरांचा पक्ष व कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले. गोळीबारहि झाला. निवडणुकीनंतर दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, जिंकलेल्यांना जिंकून देणारे जाब विचारूं लागले होते.

कित्येकांना यांत कृतघ्नपणा दिसला. नीट पाहिलें तर तो नव्हता. उलट निवडणूक खरी झाली होती याचाच तो पुरावा होता. परक्या राज्यकर्त्यापुढें रयत अर्ज करते. तो मान्य झाला तर उपकार, न झाला तर नशीब. पण ज्यानें मत देऊन माणूस पाठविला त्याचा मोर्चा अर्ज नसतो, तो तगादा असतो. आणि तगादा लावण्याचा हक्क ज्यानें कर्ज दिलें त्यालाच असतो. सावकारीनें पिचलेल्या खानदेशच्या शेतकऱ्याला कर्जाचा व्यवहार कोणीं शिकवावयास नको होता. आजवर तो ऋणको होता. मत देऊन तो आयुष्यांत प्रथमच धनको झाला. ज्याच्या नांवें मत नव्हतें असा मजूरहि त्या मोर्चांत चालूं शकत होता, ही गोष्ट तर अधिकच महत्त्वाची. मतदार-यादीनें ज्याला बाहेर ठेवलें, त्याला मोर्चानें आंत घेतलें.

हा हिशेब पुरा होण्याआधींच वही मिटली. १९३९ च्या सप्टेंबरांत युरोपांत युद्ध पेटलें. हिंदी जनतेला न विचारतां व्हाइसरॉयनें हिंदुस्थान युद्धांत सामील झाल्याचें जाहीर केलें. आणि नोव्हेंबराच्या आरंभीं खेर मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. सव्वादोन वर्षांचा कारभार संपला. त्यानंतर १९४२ आलें. ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या बाजारपेठेंत शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारांत पडले. मत देण्याचें वयहि न झालेल्या त्या मुलांनीं आपला कौल रक्तानें नोंदविला. १९४६ च्या निवडणुकींनंतर खेर पुन्हां मुख्य प्रधान झाले, आणि कुळांचा कायदा साऱ्या प्रांतास लागू झाला. पण मतदारांचें कुंपण अजून तेंच होतें. तें मोडलें स्वतंत्र भारताच्या घटनेनें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सतरा कोटींहून अधिक मतदारांचीं नांवें यादींत आलीं. सातपुड्याचा पावरा आणि तापीकांठचा शेतमजूर प्रथमच रांगेंत उभे राहिले. तें पाहावयास साने गुरुजी नव्हते; ११ जून १९५० रोजीं त्यांचें निधन झालें होतें.

पुढें जिल्ह्यांचीं नांवें बदललीं. पूर्व खानदेश जळगांव झाला, पश्चिम खानदेश धुळें. आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा झाला. निवडणुका कितीतरी आल्या आणि गेल्या. निकालाच्या दिवशीं गुलाल उधळण्याची चाल मात्र कायम राहिली. गुलाल दोन दिवसांत धुऊन जातो. १९३७ च्या निकालांतून खानदेशनें जें शिकावें तें गुलालांत नव्हतें. तें पुढल्या वर्षीं, बुडालेल्या पिकांच्या बांधावरून कलेक्टर-कचेरीकडे निघालेल्या पायांत होतें. ते पाय फैजपूरला आलेल्या पायांचेच भाऊबंद होते. पहिल्या वेळीं ते शब्द घ्यावयास आले होते. दुसऱ्या वेळीं ते दिलेल्या शब्दाची आठवण द्यावयास गेले. मत दिल्यावर जी रयत घरीं बसते, तिला राज्यकर्ते बदलून मिळतात. मत दिल्यावरहि जी उठून विचारते, तिलाच राज्य मिळतें.